थ्रेड लायब्ररी बदलून नेटवर्किंग फ्रेमवर्क कसं तपासावं

"लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅक आणि विंडोजवर चालतं" हे वाक्य बहुतेक नेटवर्किंग फ्रेमवर्कच्या पहिल्याच पानावर असतं. ते लिहिणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारते: चालतं ते ठीक, पण नीट बंद होतं का? चालू व्हायला सगळंच चालू होतं. पाचशे कनेक्शनं उघडी असताना, अर्धे थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामं) सॉकेटवर, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या टोकावर, अडकलेले असताना आणि दोन टायमर वाजायच्या बेतात असताना प्रक्रिया सरळ बाहेर पडली, तर मी त्याला "चालतं" म्हणते. थ्रेड बनवणारी आणि सांभाळणारी लायब्ररी बदलली की नेमकं हेच आधी मोडतं.

मी ज्या फ्रेमवर्कची देखभाल करते ते सी प्लस प्लसमध्ये आहे आणि त्याची रचना कुठल्याही अशा फ्रेमवर्कसारखीच आहे: काही इव्हेंट लूप (सॉकेटवर काही घडलं की त्याचं काम चालवणारी फिरती), प्रत्येकाचा आपापला थ्रेड, जड कामासाठी वर्कर थ्रेडचा पूल, टायमर, आणि सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधायला वेगळा थ्रेड, कारण गेटअ‍ॅड्रइन्फो हे फंक्शन उत्तर येईपर्यंत थ्रेड अडवून ठेवतं. खाली लिहिलेली पद्धत या चार भागांना धरून आहे. तुमचं फ्रेमवर्क सी किंवा रस्टमध्ये असलं तरी फारसं बिघडत नाही, कारण खाली लायब्ररी त्याच आहेत.

पद्धतीमागचा विचार असा. पॉझिक्सने, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या प्रमाणाने, बऱ्याच जागा मुद्दाम मोकळ्या सोडल्या आहेत आणि प्रत्येक लायब्ररी त्या आपापल्या मताने भरते. आपला कोड कुठल्यातरी एका भरणीवर नकळत विसंबलेला असतो. म्हणून "सगळ्या टेस्ट सगळ्या सिस्टिमवर" असं भलंमोठं कोष्टक मांडण्याऐवजी मोकळ्या जागांची यादी करायची आणि प्रत्येक जागेसाठी ती वेगळी भरणारी लायब्ररी निवडायची. कोष्टक दिसायला छान दिसतं, पण त्यातले बहुतेक चौकोन एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध करत असतात.

कोणती लायब्ररी चालू आहे ते आधी छापा

टेस्ट सुरू होताना पहिल्या काही ओळींत ही माहिती यायलाच हवी: थ्रेड लायब्ररी आणि तिची आवृत्ती, कर्नल, प्रोसेसरची जात, कोअर किती, स्टॅकची (फंक्शनांच्या तात्पुरत्या डेटाच्या जागेची) मर्यादा किती, आणि इव्हेंट लूपमागे कोणता बॅकएंड आहे, म्हणजे कुठल्या सॉकेटवर काही घडलं ते कर्नलकडून कसं कळतं – ईपोल, केक्यू की साधा पोल. हे नसेल तर महिन्यानंतर मिळालेला लॉग रद्दीत जातो.

जीलिबसी (बहुतेक लिनक्सची सी लायब्ररी) असलेल्या लिनक्सवर गेटकॉन्फ या आज्ञेला "जीएनयू लिबपीथ्रेड व्हर्जन" विचारलं की "एनपीटीएल २.३१" असं काहीसं उत्तर येतं; एनपीटीएल ही तिची थ्रेड लायब्ररी. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीवर हा प्रश्न चालत नाही. तिथे एलडीडीच्या (प्रोग्रॅम कोणत्या लायब्ररी वापरतो ते सांगणाऱ्या आज्ञेच्या) उत्तरात मसलचा लोडर दिसतो, तीच खूण. फ्रीबीएसडीवर एलडीडी तिथली थ्रेड लायब्ररी लिबथर दाखवतं. जीलिबसी २.३४ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून, लिबपीथ्रेडचा सगळा कोड मुख्य लिबसीतच गेला. त्यामुळे नव्या सिस्टिमवर बिल्ड केलेल्या प्रोग्रॅमच्या एलडीडीत लिबपीथ्रेडची ओळच येत नाही आणि कुणीतरी घाबरून "थ्रेडिंग लिंकच झालं नाही" अशी तक्रार करतो. झालेलं असतं.

विंडोजवर मिनजीडब्ल्यू (जीसीसी कंपायलरची विंडोजसाठीची आवृत्ती) वापरत असाल तर जीसीसीला जास्तीची माहिती मागून "थ्रेड मॉडेल" ही ओळ बघा. तिथे पॉझिक्स किंवा विन३२ यांपैकी एक असेल. विन३२ मॉडेलमध्ये जीसीसी १३ येईपर्यंत प्रमाणित सी प्लस प्लस थ्रेड मिळतच नव्हते. पॉझिक्स मॉडेलमध्ये मध्ये विनपीथ्रेड्सचा थर असतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर तोच कोड वेगळ्याच वाटेने जातो. म्हणजे एकट्या "विंडोज" या शब्दामागे तीन वेगवेगळ्या वाटा आहेत.

हे वेगळेपण आलं कुठून

थोडा इतिहास, कारण जुन्या कोडमधल्या कित्येक विचित्र ओळी त्याशिवाय कळत नाहीत. लिनक्सवर पूर्वी झाव्हिए लरोआ यांची लिनक्सथ्रेड्स होती. तिच्यात प्रत्येक थ्रेडचा प्रोसेस क्रमांक वेगळा यायचा, मागे एक व्यवस्थापक थ्रेड असायचा आणि सिग्नल प्रक्रियेला न जाता थेट थ्रेडला जायचे. उलरिख ड्रेपर आणि इंगो मोलनार यांच्या एनपीटीएलने हे सगळं सरळ केलं. रेड हॅट लिनक्स ९ मध्ये २००३ साली ती आली आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या २.६ कर्नलबरोबर सगळीकडे पसरली. काही काळ दोन्ही शेजारी नांदत होत्या. एलडी अझ्यूम कर्नल या व्हेरिएबलमध्ये जुना कर्नल क्रमांक दिला की तोच प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीवर चालायचा.

फ्रीबीएसडीकडे तर एके काळी तीन होत्या. लिबसी-आर पूर्णपणे युजरस्पेसमध्ये, केएसई अनेक थ्रेड थोड्या कर्नल थ्रेडवर वाटून देणारी, आणि लिबथर एकास एक, म्हणजे प्रत्येक थ्रेडमागे एक कर्नल थ्रेड. लिबमॅप.कॉन्फ या फाइलीत एक ओळ लिहिली की लोडर एका लायब्ररीऐवजी दुसरी उचलायचा, तेही एखाद्याच प्रोग्रॅमपुरतं. पुन्हा कंपाइल करायची गरज नाही. प्रयोग म्हणून याहून स्वच्छ काही मी पाहिलेलं नाही: प्रोग्रॅम तोच, कर्नल तोच, फक्त थ्रेड लायब्ररी वेगळी. २००८ च्या ७.० आवृत्तीत लिबथर मुख्य झाली आणि ८.० मध्ये केएसई गेली. सोलारिसनेही असाच प्रवास केला. आठव्या आवृत्तीत एकास एक लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये पर्याय म्हणून दिली, नवव्यात तीच मुख्य केली. नेटबीएसडी ५.० मध्ये २००९ साली तिथेच आलं.

म्हणजे आज जवळपास सगळे एकास एक या मॉडेलवर आहेत. यावरून काही जण "आता फरक उरला नाही" असा निष्कर्ष काढतात. मॉडेलचा फरक मिटला हे खरं, पण बारीकसारीक वागणुकीचा फरक तसाच आहे, आणि तो जास्त फसवा आहे, कारण तो कामगिरीच्या आकड्यांत दिसत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला

लिनक्सवरून मॅकवर गेलात की थ्रेड लायब्ररी बदलते, हे बरोबर. पण त्याच क्षणी ईपोलच्या जागी केक्यू येतो, शेड्यूलर बदलतो, आणि बहुधा प्रोसेसरही एक्स८६ चा एआरएम होतो. अशा वेळी टेस्ट पडली तर दोष कुणाचा? मेमरी ऑर्डरिंगची, म्हणजे मेमरीतल्या वाचन-लेखनाच्या क्रमाची, चूक एक्स८६ वर वर्षानुवर्षं झाकून राहते आणि एआरएमवर तासाभरात उघडी पडते. त्यात मॅकच्या पीथ्रेडचा, म्हणजे पॉझिक्स थ्रेड लायब्ररीचा, काही संबंध नसतो, पण शिव्या तिलाच बसतात.

म्हणून मी टप्प्याटप्प्याने जाते. पहिला टप्पा जीलिबसी विरुद्ध मसल, दोन्ही एकाच मशीनवर, एकाच कर्नलवर. मसल वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सचा कंटेनर उघडा, त्यात पुन्हा बिल्ड करा, तीच टेस्ट चालवा. कंटेनर यजमानाचाच कर्नल वापरतो, ही इतर वेळची मर्यादा इथे आपल्या उपयोगाची आहे: ईपोल तोच, शेड्यूलर तोच, फक्त सी लायब्ररी आणि तिच्यातले थ्रेड वेगळे. आज फ्रीबीएसडीच्या त्या जुन्या स्वच्छ प्रयोगाच्या सगळ्यात जवळ जाणारं हेच आहे, फक्त बिल्ड दोनदा करावी लागते.

दुसरा टप्पा एआरएमवरचं लिनक्स, जीलिबसीसह. इथे लायब्ररी तीच ठेवून प्रोसेसर बदलतो. इथे पडणारी टेस्ट तुमच्या अ‍ॅटॉमिक ऑपरेशन्सबद्दल, म्हणजे मध्ये न तुटणाऱ्या कृतींबद्दल, बोलत असते.

तिसरा टप्पा फ्रीबीएसडी, व्हर्च्युअल मशीनमध्ये, आणि तिथे आधी इव्हेंट लूपला जबरदस्तीने पोल बॅकएंडवर चालवा. लिनक्सवरही पोल बॅकएंडवर एक फेरी झालेली असू द्या. दोन्हीकडे पोल, तरी फ्रीबीएसडीवर पडतं, तर केक्यू निर्दोष आहे. मग केक्यू लावून दुसरी फेरी. तुमच्या फ्रेमवर्कमध्ये बॅकएंड चालू होताना निवडायची सोय नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती करा. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुरतं.

मॅक आणि विंडोज सगळ्यात शेवटी, कारण तिथे एकाच वेळी सगळं बदलतं आणि आधीच्या टप्प्यांची उत्तरं हाताशी असतील तरच तिथल्या अपयशाचा अर्थ लावता येतो.

मोकळ्या जागा

सुरुवात म्यूटेक्सपासून, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपापासून, कारण सगळ्यात जास्त भानगडी इथे सापडतात.

साधा, कुठलाही प्रकार न सांगता बनवलेला म्यूटेक्स एकाच थ्रेडने दोनदा लॉक केला तर काय होतं? लिनक्सवर थ्रेड तिथेच अडकतो. फ्रीबीएसडीवर साधा म्यूटेक्स म्हणजे चूक तपासणारा म्यूटेक्स, त्यामुळे दुसरं लॉक "डेडलॉक टाळला" हा एरर कोड परत देतं. प्रमाणित सी प्लस प्लस म्यूटेक्स वापरत असाल तर त्याचं एक्सेप्शन होतं. थेट पीथ्रेडची फंक्शन्स वापरून परतावा तपासत नसाल तर प्रकरण वाईट: आतलं अनलॉक खरोखर लॉक सोडतं आणि बाहेरचा उरलेला भाग कुलपाविना चालतो.

उलट बाजू आणखी मजेशीर आहे. एका थ्रेडने लॉक करायचं आणि कॉलबॅक (काम झालं की बोलावलं जाणारं फंक्शन) दुसऱ्या थ्रेडवर चालला की तिथे अनलॉक करायचं, असा कोड नेटवर्किंगमध्ये बराच दिसतो. "विनंती पूर्ण होईपर्यंत धरून ठेव" असा त्यामागचा हेतू असतो. लिनक्सवरचा साधा म्यूटेक्स मालक कोण हे विचारत नाही, गुपचूप सोडतो. फ्रीबीएसडी "परवानगी नाही" म्हणतं आणि कुलूप लागलेलंच राहतं. पुढची विनंती कायमची अडकते. माझ्या मते फ्रीबीएसडीला चाचणीच्या यादीत ठेवायला एवढं एक कारण पुरेसं आहे. तिथे तुमचे वापरकर्ते एकही नसले तरी ठेवा.

टेस्ट अशी लिहा: तुमच्या फ्रेमवर्कमधल्या प्रत्येक पीथ्रेड कॉलभोवती एक पातळ आवरण घाला, जे तपासणी बिल्डमध्ये शून्याव्यतिरिक्त कुठलाही परतावा आला की कोणत्या ओळीवर आला ते छापून तिथल्या तिथे प्रोग्रॅम पाडतं. टायमरच्या वाट पाहण्यातला "वेळ संपली" हा परतावा आणि ट्रायलॉकचा "व्यस्त" हा परतावा एवढेच अपवाद. हे आवरण घालून फ्रीबीएसडीवर नुसता जुना टेस्ट संच चालवला तरी बरंच काही वर येतं.

मॅकवरची गंमत वेगळी. ज्या स्ट्रक्चरमध्ये म्यूटेक्स आहे ते मेमसेटने शून्य करून तसंच वापरायची खोड बऱ्याच सी कोडला असते. जीलिबसी आणि मसलमध्ये साध्या म्यूटेक्सची सुरुवातीची अवस्था म्हणजे शून्यच, म्हणून चालून जातं. मॅकच्या म्यूटेक्समध्ये एक खूण असते. ती नसली की लॉक "अवैध" म्हणून परत येतं. परतावा तपासला नाही तर कुलूप न लागताच सगळे आत. वर सांगितलेलं आवरण हेही पकडतं.

मॅकबद्दल आणखी एक. १०.१४ च्या आधी तिथे म्यूटेक्स रांगेच्या क्रमाने मिळायचा. १०.१४ पासून जो आधी पोहोचेल त्याला, असं धोरण मुख्य झालं. त्यामुळे "दोन थ्रेड आलटून पालटून काम करतील" असं गृहीत धरणारा कोड जुन्या मॅकवर सुरळीत चालायचा आणि नव्यावर एकच थ्रेड सगळं काम ओढायला लागतो. टेस्टमध्ये दोन वर्कर एका रांगेवर सोडा आणि प्रत्येकाने किती कामं केली ते मोजा. फक्त अपेक्षा "समान वाटणी" अशी लिहू नका. "कुणीही कायमचा उपाशी राहत नाही" एवढीच लिहा. पहिली अपेक्षा कुठल्याही लायब्ररीने कबूल केलेली नाही.

स्टॅकचं काम सोपं आहे, म्हणून टाळलं जातं. जीलिबसी नव्या थ्रेडला स्टॅकची मर्यादा पाहून जागा देते, म्हणजे साधारण ८ मेगाबाइट. विंडोजवर सहसा १ मेगाबाइट, मॅकवर दुय्यम थ्रेडला ५१२ किलोबाइट. मसल १.१.२१ पासून १२८ किलोबाइट देते, त्याआधी ८० द्यायची. आता तुमच्या रीड फंक्शनमध्ये ६४ किलोबाइटचा बफर स्टॅकवर असेल आणि त्यातून टीएलएसचं (एन्क्रिप्शनचं) फंक्शन तसाच दुसरा बफर घेत असेल, तर हिशेब तुम्हीच करा. यासाठी मसलपर्यंत जायचीही गरज नाही. फ्रेमवर्क जिथे थ्रेड बनवतं तिथे तपासणी बिल्डमध्ये स्टॅकचा आकार १२८ किलोबाइट ठरवून द्या, म्हणजे दोष विकसकाच्या मशीनवरच सापडतो. जीलिबसी थ्रेड-लोकल व्हेरिएबलांची जागाही याच स्टॅकमधून कापते, हे लक्षात असू द्या.

थ्रेडची ओळख. "हा कॉल इव्हेंट लूपच्याच थ्रेडवरून आला आहे ना" हे तपासायला आपण पीथ्रेड सेल्फचं मूल्य जपून ठेवतो. जीलिबसी संपलेल्या थ्रेडचा स्टॅक साठवून ठेवते आणि पुढच्या थ्रेडला तोच देते, त्यामुळे नव्या थ्रेडची ओळख गेलेल्या थ्रेडसारखीच निघणं ही तिथे रोजची गोष्ट आहे. टेस्ट: लूप चालू करा, थांबवा, जॉइन करा (थ्रेड संपेपर्यंत थांबा), लगेच दुसरा थ्रेड बनवा आणि त्याच्यावरून लूपचं फंक्शन बोलवा. फ्रेमवर्कने नकार दिला पाहिजे. न देता आत घेतलं तर जुनी ओळख पुसायची राहिली आहे.

घड्याळ. कंडिशन व्हेरिएबलवर (दुसऱ्या थ्रेडचा इशारा येईपर्यंत थांबायच्या साधनावर) ठरावीक वेळ थांबणं मुळात भिंतीवरच्या घड्याळाने चालतं. लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर ते मोनोटोनिक, म्हणजे कधीच मागे न जाणाऱ्या, घड्याळाला बांधता येतं, मॅकवर ती सोयच नाही, तिथे सापेक्ष वेळ घेणारं मॅकचं स्वतःचं फंक्शन वापरावं लागतं. तपासायचं तर व्हर्च्युअल मशीनमध्ये टायमर लावा आणि मध्येच सिस्टिमची तारीख एक तास मागे न्या. टायमर ठरल्या वेळी वाजला पाहिजे. कंटेनरमध्ये हे करू नका, भिंतीवरचं घड्याळ तिथे यजमानाचंच असतं आणि तुम्ही सगळ्या मशीनची वेळ बिघडवाल. टायमरच्या टेस्टमध्ये "वेळेआधी वाजला नाही" आणि "क्रम बरोबर" एवढंच काटेकोर तपासा. उशीर किती झाला यावर घट्ट मर्यादा घातली तर विंडोजवर हसं होतं, कारण तिथला नेहमीचा ठोका सुमारे १५.६ मिलिसेकंदांचा आहे.

चालू थ्रेड बाहेरून रद्द करणारं पीथ्रेड कॅन्सल वापरूच नका. जीलिबसी त्यासाठी सी प्लस प्लसचा स्टॅक उलगडते आणि मध्ये सगळं गिळणारा कॅच असेल तर प्रोग्रॅम पाडते. मसल स्टॅक उलगडतच नाही, म्हणजे डिस्ट्रक्टर चालत नाहीत. अँड्रॉइडच्या बायोनिकमध्ये हे फंक्शनच नाही. तीन लायब्ररी, तीन मतं. यावर टेस्ट लिहिण्यापेक्षा कोडमध्ये हा शब्द सापडला तर बिल्ड पाडणारी एक ओळ लिहिणं स्वस्त पडतं.

बंद करण्याची चाचणी

आता मुख्य काम. फ्रेमवर्क थांबवताना कुठलातरी थ्रेड सॉकेटवर अ‍ॅक्सेप्ट किंवा रीडमध्ये अडकलेला असतो आणि दुसरा थ्रेड त्याला उठवायला तो सॉकेट बंद करतो. लिनक्सवर क्लोज केल्याने अडकलेला थ्रेड उठत नाही. नवं कनेक्शन येईपर्यंत तो झोपलेलाच राहतो. शिवाय बंद झालेल्या सॉकेटचा क्रमांक (डिस्क्रिप्टर) पुढच्या उघडणाऱ्या सॉकेटला मिळतो. उशिरा जागा झालेला थ्रेड त्या क्रमांकावर लिहितो आणि एका ग्राहकाचा डेटा दुसऱ्याला जातो. या वर्गातला दोष उत्पादनात शोधायची वेळ कुणावर येऊ नये.

ऐकणाऱ्या सॉकेटवर शटडाउन हा दुसरा मार्ग. लिनक्सवर त्याने अ‍ॅक्सेप्ट एरर देऊन उठतं. पण पॉझिक्स जोडलेला नसलेल्या सॉकेटसाठी "जोडलेला नाही" हाच एरर सांगतो, तेव्हा लिनक्सच्या या सौजन्यावर घर बांधू नका. खात्रीचा मार्ग जुनाच आहे: प्रत्येक लूपमध्ये एक पाइप ठेवायचा, उठवायचं असेल तेव्हा त्यात एक बाइट लिहायचा, आणि सॉकेट बंद करायचं काम फक्त त्याच लूपच्या थ्रेडने करायचं.

हे खरंच पाळलं जातंय का, ते असं तपासा. सर्व्हर उठवा, त्यावर थोडे ग्राहक सोडा: काही सतत बोलणारे, काही जोडून गप्प बसलेले, काही अर्धीच विनंती पाठवून थांबलेले. मग कुठल्याही यादृच्छिक क्षणी स्टॉप बोलवा. पाच ठिकाणांहून बोलवून पाहा: मुख्य थ्रेडवरून, वर्करवरून, लूपच्या स्वतःच्या कॉलबॅकमधून, टायमरमधून आणि एकाच वेळी दोन थ्रेडवरून. प्रत्येक वेळी ठरावीक मुदतीत सगळे थ्रेड जॉइन झाले पाहिजेत, उघड्या डिस्क्रिप्टरांची संख्या सुरुवातीइतकी आली पाहिजे, आणि प्रत्येक कॉलबॅक बरोबर एकदा वाजलेला पाहिजे, यशाचा किंवा रद्द झाल्याचा. शून्यदा वाजला तरी दोष, दोनदा वाजला तरी दोष. हे एकाच प्रक्रियेत हजारो वेळा फिरवा. यादृच्छिकतेचं बीज छापायला विसरू नका.

नाव शोधणारा थ्रेड इथे हमखास नडतो. गेटअ‍ॅड्रइन्फो आत अडकलेलं असताना त्याला बाहेरून थांबवायचा कुठेही चालणारा मार्ग नाही. तेव्हा मुदत ठरवताना त्या थ्रेडला वेगळं धरा: तो मागे राहिला तरी चालेल, पण त्याचा निकाल आल्यावर मोडून टाकलेल्या लूपला हात लागता कामा नये. चाचणीत उत्तरच न देणारा डीएनएस सर्व्हर लावून हे मुद्दाम घडवा.

विंडोजवर फ्रेमवर्क डीएलएल म्हणून दिलं असेल तर एक जास्तीची टेस्ट. प्रक्रिया बाहेर पडताना विंडोज आधी बाकीचे सगळे थ्रेड मारतं आणि मग डीएलएलचे ग्लोबल डिस्ट्रक्टर चालवतं. मेलेल्या थ्रेडच्या हातात म्यूटेक्स असेल तर तो तसाच राहतो. आणि डीएलएल मध्येच काढून टाकली, त्या डिस्ट्रक्टरात थ्रेड जॉइन करत असाल, तर थ्रेडला संपायला लागणारं लोडरचं कुलूप तुमच्याच हातात असतं. म्हणून दोन्ही प्रकारे बाहेर पडून पाहा: स्टॉप न बोलावता सरळ एक्झिट, आणि डीएलएल चढवून उतरवणं.

सुरू होतानाचं अपयशही पाहून घ्या. कंटेनरला प्रक्रियांची मर्यादा घालून वर्कर पूल उभा करायला सांगा, म्हणजे निम्म्यावर थ्रेड बनणं बंद होतं. आधी बनलेले थ्रेड नीट आवरले जातात का, की एक्सेप्शनच्या वाटेत थ्रेडचा डिस्ट्रक्टर सगळा प्रोग्रॅम पाडतो, ते कळतं.

रेस बाहेर कशी काढायची

रेस म्हणजे दोन थ्रेडनी एकाच डेटाला एकाच वेळी हात लावणं. ती पकडायला थ्रेडसॅनिटायझर हे साधन पहिलं. प्रोग्रॅम ५ ते १५ पट मंदावतो आणि मेमरी ५ ते १० पट लागते, तेव्हा मुदती त्या हिशेबाने वाढवा. तुम्ही फ्युटेक्सवर (लिनक्स कर्नलच्या थ्रेड थांबवण्या-उठवण्याच्या सोयीवर) स्वतःचं लॉक लिहिलं असेल किंवा सुटे मेमरी फेन्स वापरत असाल तर तो खोटे आरोप करू शकतो. ते एकेक वाचूनच सोडा. व्हॅलग्रिंडचं हेलग्रिंडही चांगलं आहे, पण व्हॅलग्रिंड एका वेळी एकच थ्रेड चालवतं, त्यामुळे तिथे वेळेचं गणित वेगळंच होतं. त्याचाही उपयोग आहे.

मग टास्कसेटने सगळं एका कोअरवर बांधा. बरेच दोष गर्दीत दिसत नाहीत, एकट्या कोअरवर दिसतात, विशेषतः स्पिन करत वाट पाहणारा कोड. लूपबॅकवर टीसीच्या नेटएमने ५० मिलिसेकंदांचा उशीर लावा, कारण लोकलहोस्टवर पॅकेट इतकं पटकन येतं की "अजून काही आलेलं नाही" ही अवस्था टेस्टमध्ये जवळपास घडतच नाही. लिनक्सवर आरआर हे साधन असेल तर त्याच्या केऑस मोडमध्ये रेकॉर्ड करा. एकदा पडलं की तेच अपयश हवं तितक्या वेळा मागेपुढे करून बघता येतं.

आणि हो, कधी कधी दोष खरोखरच लायब्ररीचा असतो. जीलिबसीच्या कंडिशन व्हेरिएबलमध्ये उठवण्याचा सिग्नल हरवण्याचा दोष २०२० मध्ये नोंदवला गेला आणि २०२५ च्या २.४१ आवृत्तीत दुरुस्त झाला. पण हा युक्तिवाद सगळ्यात शेवटी काढा, आणि फ्रेमवर्क पूर्ण बाजूला ठेवून शंभरेक ओळींत तो दोष दाखवता आला तरच.

अडकलं तर

अडकलेल्या टेस्टला सीआय (आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) सरळ सिगकिल देऊन मारतं आणि हाती काही उरत नाही. म्हणून पहारेकरी वेगळ्या प्रक्रियेत ठेवा. आतला पहारेकरी थ्रेड त्याच कुलपावर अडकू शकतो. मुदत संपली की त्याने आधी सगळ्या थ्रेडचे स्टॅक गोळा करायचे आणि मगच मारायचं. लिनक्सवर जीडीबी हा डीबगर जोडून सर्व थ्रेडचा बॅकट्रेस, मॅकवर सॅम्पल, विंडोजवर डंप काढून विनडीबीजी. फ्रीबीएसडीवर प्रोकस्टॅट कर्नलच्या बाजूचा स्टॅक दाखवतं, त्यावरून थ्रेड कुलपासाठी थांबलाय की सॉकेटसाठी ते लगेच कळतं. उबुंटूवर यामा या सुरक्षा मॉड्यूलच्या नियमामुळे जीडीबी आपल्या अपत्य नसलेल्या प्रक्रियेला जोडू देत नाही, तेवढी परवानगी आधी देऊन ठेवा. अल्पाइनवर मसलचं डीबग पॅकेज चढवा, नाहीतर बॅकट्रेस सिस्टिम कॉलपाशीच तुटतो आणि कुणी बोलावलं ते कळत नाही.

हे सगळं प्रत्येक कमिटला चालवणं शक्य नाही. माझ्याकडे कमिटला फक्त जीलिबसी आणि मसल चालतात, १२८ किलोबाइट स्टॅक आणि आवरणासह. रात्री फ्रीबीएसडी दोन्ही बॅकएंडवर, एआरएम, मॅक, विंडोजच्या तिन्ही वाटा आणि थ्रेडसॅनिटायझर. घड्याळ मागे न्यायची टेस्ट आठवड्यातून एकदा, कारण ती चालू असताना त्या व्हर्च्युअल मशीनवर दुसरं काहीच चालवता येत नाही.